अमोलिक मॅडमची कार्यशाळा

अमोलिक मॅडम दुसऱ्याचं वाढलेलं ताट उचलायच्या. चर्चासत्र असो की परिषद, जेवणाची सुट्टी झाली की ओळखीची माणसं ओळखीच्यांशेजारी जाऊन बसतात. एका कॉलेजची एका टेबलावर, दुसऱ्या कॉलेजची दुसऱ्या. मॅडम दारात उभ्या राहून हे दोन मिनिटं बघायच्या, मग सरळ आत शिरायच्या आणि कुणाचं तरी ताट उचलून चालू लागायच्या. ताटामागं माणूस यायचाच. "ओळखीच्यांबरोबर जेवायला घर आहे," असं म्हणत त्या ते ताट एखाद्या अगदी परक्या माणसासमोर नेऊन ठेवायच्या.

माझं ताट त्यांनी उचललं तेव्हा मी पुण्यात पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. विषय क्षारपड जमिनींचा. मी हॉस्टेलवरच्या दोन मैत्रिणींबरोबर बसले होते आणि आमच्या गप्पा मेसच्या भाजीबद्दल चालल्या होत्या. मॅडमनी मला नेऊन कच्छकडून आलेल्या एका मुलासमोर बसवलं. आम्ही दोघं अवघडून एकमेकांना आपापले विषय सांगायला लागलो, तर त्यांनी मध्येच थांबवलं. "काय करता ते सांगू नका, ते पुस्तिकेत छापलंय. कुठं अडकलाय ते सांगा. वरण गार व्हायच्या आत."

मी अडकले होते ते असं, की खालच्या थरातल्या मातीचे माझे आकडे कशाशीच जुळत नव्हते. चार महिने मी त्यावर डोकं फोडत होते. त्या मुलानं एकच विचारलं, मातीचे नमुने प्रयोगशाळेत पोचेपर्यंत पिशवीचं तोंड उघडं असतं का? असायचं; मातीतली ओल वाटेतच उडून जायची. वरण गार झालं नव्हतं आणि माझे चार महिने सुटले होते. मान वर करून बघितलं तर मॅडम आणखी कुणाचं तरी ताट घेऊन खोलीच्या दुसऱ्या टोकाला निघाल्या होत्या.

त्यांचं पूर्ण नाव डॉ. करुणा अमोलिक. दौंडच्या एका कॉलेजात त्या रसायनशास्त्र शिकवायच्या आणि राहायच्या शिरूरला. ठेंगण्या, सावळ्या, आवाज मात्र वर्गाच्या शेवटच्या बाकाच्याही पलीकडं जाणारा. सुती साडीखाली पायांत खेळाडूंचे बूट असायचे, कारण त्यांची सगळी नोकरी शिरूर-दौंड एसटीवर झाली. लग्न केलं नव्हतं. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायच्या, "एसटीचं टायमिंग जुळलं नाही."

शिरूरला जुन्या मिशनच्या आवारात त्यांचा जन्म झाला. वडील तिथल्या शाळेत मुलांना सुतारकाम शिकवायचे. त्या सुतारशाळेच्या पत्र्याच्या शेडला सगळे कार्यशाळा म्हणायचे. त्यामुळं कॉलेजांमधून व्यासपीठ, सतरंजी, हार, आभार आणि प्रमाणपत्र एवढ्यालाच 'कार्यशाळा' म्हणायची पद्धत पडली, तेव्हा मॅडमना ते फार लागायचं. "माझ्या वडलांच्या कार्यशाळेत रंधा चालायचा," त्या म्हणायच्या. "भाषण करणाऱ्याला वडील पहिल्यांदा भुसा झाडायला लावायचे."

मी पीएच.डी. होऊन शिरूरच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. तासिका तत्त्वावर म्हणजे तास झाला तर पगार, सुट्टी लागली तर तुम्ही कुणी नव्हे. एका रविवारी मॅडमचा फोन आला. "सारिका, अर्ज लिहायचाय. ये." कसला अर्ज, कुणाला, काही नाही. मी गेले.

परदेशातल्या एका फंडानं योजना काढली होती. पीएच.डी. होऊन थोडीच वर्षं झालेल्या संशोधकांना, निरनिराळ्या देशांतल्या, आठवडाभर एकत्र आणायचं. येण्याजाण्याचा, राहण्याचा खर्च फंडाचा. अट वयाची नव्हे, पदवीनंतरच्या वर्षांची. पण सगळे तिला वयाचीच अट म्हणत. मोठी माणसं नकोत, हाताखालची हवीत, असा त्याचा सरळ अर्थ होता. मॅडमना ही योजना कुणीतरी आपल्यासाठीच काढल्यासारखी वाटली होती. विषय त्यांनी ठरवून टाकला होता. उसाला पाणी देऊन देऊन पांढऱ्या पडलेल्या जमिनी. आमच्या घोड-भीमेच्या काठी अशा जमिनी पुष्कळ आहेत. माझ्या वडलांचीच, मांडवगण फराट्याला, खालच्या अंगाची दोन एकर मीठ फुटून पडीक झाली होती. ती बघत मी मोठी झाले आणि म्हणून तर या विषयात आले.

पहिला अर्ज नामंजूर झाला. दुसराही झाला. दोन्ही वेळा शेरा एकच होता: स्थळ गैरसोयीचं. मी म्हटलं, पुणे लिहू या. मॅडमनी तिसऱ्या अर्जातही शिरूरच लिहिलं. या वेळी निवड समितीनं कॉम्प्युटरवरून मुलाखत घेतली. पलीकडच्या एका सदस्यानं फार सभ्यपणे विचारलं, की विमानतळापासून इतक्या लांब, छोट्या गावी हे सगळं करण्याचं काही खास कारण?

मॅडम म्हणाल्या, "मीठ इथं आहे."

इंग्रजीत म्हणाल्या, पण एवढंच. पुढं काही जोडलं नाही. पलीकडं एक बाई हसल्या आणि त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. महिन्याभरानं मंजुरीचं पत्र आलं.

खरी गोष्ट इथून पुढं आहे. आमची कॉलेजं लहान; नियमाप्रमाणं फंड घ्यायला मोठी संस्था यजमान म्हणून लागत होती. पुण्यातल्या एका संस्थेनं ते आनंदानं कबूल केलं होतं. कार्यशाळेला दोन महिने उरले असताना त्या संस्थेच्या संचालकांनी आम्हाला बोलावून घेतलं. चहा मागवला, तब्येतीची चौकशी केली आणि एक यादी पुढं सरकवली. आम्ही निवडलेल्या भारतातल्या तरुणांपैकी आठ नावं तीत नव्हती. त्या जागी आठ ज्येष्ठ प्राध्यापक होते. पहिलं नाव संचालकांचंच होतं. स्थळ म्हणून पुण्यातलं एक मोठं हॉटेल होतं.

"मॅडम, परदेशातली माणसं येणार," संचालक समजावून सांगायच्या सुरात म्हणाले. "त्यांच्यासमोर आपली पोरं काय बोलणार? चार अनुभवी माणसं नकोत का? आणि शिरूरला राहणार कुठं ते?"

"शिक्रापूरच्या लॉजवर. कारखान्यांत येणारे परदेशी इंजिनियर तिथंच राहतात. रस्त्यावर ट्रकचा आवाज असतो, तो मी कळवलाय सगळ्यांना."

"पण अनुभव..."

"सर, तुमचे विद्यार्थी पाठवा. हुशार आहेत, मी त्यांचं काम वाचलंय. तुम्ही येऊ नका."

हे त्या भांडणाच्या सुरात म्हणाल्या नाहीत. परगावी निघालेल्या माणसाला गाडीची वेळ सांगावी तसं म्हणाल्या. संचालकांचा चेहरा मात्र उतरला. त्यांनी यादी परत घेतली नाही. माझ्याकडं वळून ते म्हणाले, "तुमचा अर्ज आलाय ना आमच्याकडच्या जागेसाठी? बघितला मी. चांगला आहे. पुढच्या महिन्यात मुलाखती आहेत." एवढंच बोलून त्यांनी आम्हाला नमस्कार केला.

ती जागा कायमची होती. तासिका नाही, सुट्टीची भीती नाही. शिरूरच्या गाडीत बसल्यावर वाघोली मागं पडेपर्यंत मी कायमच्या पगाराचा हिशेब करत होते. मग म्हटलं, "मॅडम, चार जणांना घेऊ या ना त्यांच्या. चार आपले, चार त्यांचे. कार्यशाळा तरी होईल."

मॅडम खिडकीबाहेर बघत राहिल्या. शिक्रापूरच्या चौकात नेहमीप्रमाणं ट्रेलरच्या रांगेमागं गाडी थांबली. इंजिन बंद झालं, तेव्हा त्या बोलल्या.

"मी पीएच.डी. करत असताना जर्मनीतनं मला पत्र आलं होतं. माझा एक निबंध तिथल्या कुणीतरी वाचला होता. दहा दिवस या, तिकीट आम्ही देतो. माझ्या नावाचं पत्र. मी ते गाइडना दाखवायला नेलं. ते म्हणाले, तू अजून लहान आहेस, तिथं गोंधळशील. या खेपेला मी जाऊन येतो, पुढच्या खेपेला तू. त्यांनी तसं कळवलं आणि ते गेले. येताना मला परिषदेची कापडी पिशवी आणली. चांगली होती पिशवी. आई त्यात भाजी आणायची."

"मग पुढच्या खेपेला?"

"पुढची खेप नसते, सारिका. ज्यानं वाचलं होतं तो माणूस दुसऱ्या कामाला लागला. मी दौंडला लागले." त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडं बघितलं. "तुझी मुलाखत आहे हे मला माहीत आहे. तुझं नाव या कार्यशाळेतनं काढायचं असलं तर काढते, माझा राग नाही. पण त्या आठांना 'पुढच्या खेपेला' असं लिहायला मला सांगू नकोस."

शिरूर आलं. स्टँडवर उतरल्यावर मी म्हटलं, "माझं नाव राहू द्या." त्यांनी मान हलवली आणि रिक्षावाल्याला हाक मारली. त्या काळात मला माझ्या धैर्याचं फार कौतुक वाटलं होतं. आता वाटतं, मी तेव्हा फक्त शरमले होते. पण शरमेनंही माणूस बरोबर जागी पोचतो कधीकधी.

मॅडमनी दुसऱ्याच दिवशी फंडाला पत्र लिहिलं. मंजूर झालं आहे तसं होणार असेल तर करू. नसेल तर मंजुरी परत घ्यावी. कुणावर आरोप नाही, कुणाचं नाव नाही. मी म्हटलं, थोडं सविस्तर लिहा, आपली बाजू मांडा. "बाजू नाही मांडायची," त्या म्हणाल्या. "वाट सोडून उभं राहायचं. ज्याला जायचंय तो जातो."

फंडाच्या दिल्लीच्या कार्यालयातनं नायर नावाच्या एक बाई चौकशीला आल्या. त्यांना कॉन्फरन्स हॉल बघायचा होता. मॅडमनी त्यांना जीपमध्ये घातलं आणि थेट मांडवगणला आमच्या शेतावर आणलं. मार्च संपत आला होता. खालच्या दोन एकरांवर मिठाचा पापुद्रा असा धरला होता, की चालताना पायाखाली कुरकुर वाजायचा. माझे वडील, आबा, बांधावर उभे होते. सोसायटीच्या राजकारणात मुरलेला माणूस. सरकारी पाहुण्यांशी कसं बोलायचं ते त्यांना पाठ होतं. पण नायरबाईंनी वाकून चिमूटभर माती तळहातावर घेतली, तशी ते सगळी पाठ केलेली भाषा विसरले.

"समदा पापड झालाय बगा," ते म्हणाले. "वीस वर्सं झाली. लई सायब आले. माती पिशवीत भरून न्हेत्यात. परत कोन येत न्हाई सांगाया, की त्या पिशवीत काय घावलं."

मी त्याचं इंग्रजी केलं. नायरबाई परत जाताना जीपमध्ये म्हणाल्या, की मोठ्या संस्थेचा नियम शिथिल करून यजमान बदलता येईल. शिरूरच्या कॉलेजानं जबाबदारी घेतली तर फंडाची हरकत असणार नाही. आमच्या कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्ष तयार झाले. त्यांची अट एकच होती, उद्घाटन त्यांच्या हस्ते व्हावं. मला वाटलं, आता मॅडम याही माणसाला 'येऊ नका' म्हणणार. पण त्या म्हणाल्या, "जरूर. तुमच्याशिवाय सुरुवात कशी होईल?"

उद्घाटनाच्या सकाळी अध्यक्ष पांढऱ्याशुभ्र कपड्यांत कॉलेजवर आले. तिथं व्यासपीठ नव्हतं, समई नव्हती. मैदानाच्या कडेला बावीस तरुण माणसं गोल करून उभी होती आणि मधल्या चुन्याच्या चौकोनात एक नवी कुदळ ठेवली होती. मॅडमनी ती त्यांच्या हातात दिली. "मातीचा विषय आहे, अध्यक्ष. पहिला घाव तुमचा." अध्यक्ष शेतकऱ्याचंच पोर. क्षणभर त्यांनी कुदळीकडं बघितलं, मग बाह्या सारल्या आणि पहिल्या घावानंतर थांबलेच नाहीत. कमरेइतका खड्डा त्यांनी एकट्यानं खणला. घाम पुसत वर येऊन त्यांनी एका इजिप्तच्या मुलीला विचारलं, की तुमच्याकडं काळी माती अशीच चिकट असते का. भाषण राहूनच गेलं, आणि त्यांनाही त्याची आठवण झाली नाही.

त्या बावीस जणांत ताश्कंदची नोदिरा होती. तिच्या देशात कापसाची शेतं अशीच पांढरी पडतात. उंच, अबोल, सारखी वहीत चित्रं काढणारी. तिसऱ्या दिवशी सगळे आमच्या शेतावर आले. खड्डे खणले, थर मोजले, पाणी तपासलं. माझा सगळा प्रबंध या दोन एकरांवर उभा होता. कोणत्या थरात किती क्षार, कोणत्या महिन्यात किती वर चढतो, हे मला तोंडपाठ होतं आणि मी ते अभिमानानं सांगत होते.

माझं झाल्यावर नोदिरानं आबांना विचारायला सांगितलं, "पूर्वी या शेतातलं पाणी कुठून बाहेर जायचं?"

मी मराठीत विचारलं. आबांनी पायानं मिठाचा पापुद्रा फोडला. मी पुन्हा विचारलं. मला वाटलं, त्यांना प्रश्न कळला नाही.

"वढा हुता," ते शेवटी म्हणाले.

"कुठं?"

त्यांनी हातानं दाखवलं. त्या जागी ऊस उभा होता. आमचाच ऊस.

"बुजवला," आबा म्हणाले. "तू ल्हान हुतीस. धा-बारा सऱ्या वाढत हुत्या उसाच्या. खालच्या अंगाला चुलत्यानं बुजवला, वरल्या अंगाला म्या. मानूस बुजवतू, पानी इसरत न्हाई."

मी सात वर्षं त्या जमिनीवर काम करत होते. माझ्या प्रबंधात नकाशे होते, तक्ते होते. पण ज्या ठिकाणी मी वाढले, तिथं मी हा प्रश्न विचारला नव्हता, कारण मला ते शेत नेहमी तसंच माहीत होतं. आणि आबांनी आपणहून सांगितलं नव्हतं, कारण लेकीपुढं ते कसं सांगावं हे त्यांना कळत नसावं. परक्या पोरीनं विचारल्यावर ते बोलले. मी त्याचं भाषांतर केलं, त्यात 'माझ्या वडलांनी' हे दोनदा म्हटलं. नोदिरानं वही मिटली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. मॅडम बांधावर उभ्या राहून हे ऐकत होत्या. त्या पुढं आल्या नाहीत. नंतर कधीही त्यांनी या प्रसंगाचा विषय काढला नाही, कुठल्याही भाषणात त्याचा दाखला दिला नाही.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते. पुण्याच्या त्या जागेसाठी माझी निवड झाली नाही. कारण कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. वाईट फार वाटलं. ते खोटं सांगण्यात अर्थ नाही. आणखी दोन वर्षं मी तासिका तत्त्वावर काढली. पण त्या दोन वर्षांत नोदिरा आणि मी मिळून आमच्या आणि तिच्या शेतांवर एक काम केलं. पाणी बाहेर जाण्याच्या जुन्या वाटा शोधण्याचं. त्या कामाच्या जोरावर मला एका संशोधन केंद्रात नोकरी मिळाली. इकडं आबांनी चुलत्याच्या घरी चार खेपा घातल्या, एकदा भांडण झालं, एकदा दोघांनी अबोला धरला, आणि शेवटी दोघांनी मिळून जेसीबी लावून ओढा मोकळा केला. स्वतःच्या उभ्या उसातून. पहिल्या वर्षी त्या दोन एकरांत नुसतं गवत उगवलं. मग हिरवळीच्या खतासाठी धैंचा पेरून गाडला. आता तिथं गहू येतो. फार नाही, पण येतो.

नोदिरानं त्याच योजनेतून पुढची कार्यशाळा ताश्कंदला घ्यायची ठरवली, तेव्हा तिनं पहिलं पत्र मॅडमना लिहिलं. खास पाहुण्या म्हणून या. तिकीट, राहणं, सगळं आमचं. मॅडम तेव्हा निवृत्त झाल्या होत्या आणि जन्मात कधी विमानात बसल्या नव्हत्या. मीच त्यांच्या पासपोर्टचा अर्ज भरला. फोटो काढताना त्या चक्क केस नीट करत होत्या. मला वाटलं, एवढ्या वर्षांनी हिशेब बरोबर होतोय.

आठवड्यानं मला कळलं, की त्यांनी नोदिराला नकार कळवलाय. त्या तिकिटावर पूजा यादवला बोलवा, असं लिहिलं होतं. पूजा सणसवाडीची. तिचे वडील उत्तर प्रदेशातून तिथल्या कारखान्यात कामाला आले आणि तिथंच एका खोलीत त्यांनी संसार थाटला. पोरगी बोलते अस्सल शिरूरची मराठी. पाण्यातल्या क्षारांवर तिनं नुकतीच पीएच.डी. पूर्ण केली होती.

मी तणतणत मॅडमच्या घरी गेले. "हे बरोबर नाही. पूजाला पुढं मिळाली असती संधी. तुम्हाला तर..."

"मी तिथं जाऊन काय करू?" त्या म्हणाल्या. "लोक उभे राहतील, शाल देतील. मी बसले त्या खुर्चीवर काम करणारं कुणी बसणार नाही."

"तुम्हाला जायचं नव्हतं का?"

"होतं की," त्या सहज म्हणाल्या. "फार होतं. म्हणून तर उत्तर लिहायला आठ दिवस लागले."

पूजा जाऊन आली. येताना तिनं मॅडमसाठी सुकी जर्दाळू आणली. ती त्यांनी शेजारच्या चार घरांत वाटली आणि कुणी विचारलं तर कौतुकानं सांगितलं, "आमची पूजा गेली होती."

त्यानंतर दीड वर्षानं मॅडमना पोटाचा आजार निघाला. तो निघाला तेव्हाच फार पुढं गेलेला होता. डॉक्टरांनी सांगितलं ते त्यांनी नीट ऐकून घेतलं, औषधांतली रसायनं कोणती ते विचारलं आणि घरी आल्या. मी आठवड्यातून दोनदा जायचे. त्या दिवसांत मी एका नव्या कार्यशाळेचा अर्ज तयार करत होते. या वेळी विहिरी आणि कूपनलिकांच्या पाण्यावर. हा माझा अर्ज होता. मॅडमच्या हाताखाली मी तीन अर्ज लिहिले होते, नोदिराच्या अर्जाला मदत केली होती. आता पहिल्या पानावर मुख्य म्हणून माझं नाव होतं. तेवढ्यापुरती फंडाची सूट होती, मुख्य व्यक्ती थोडी ज्येष्ठ चालणार होती.

मी तो त्यांना दाखवायला नेला. पलंगावर उशीला टेकून त्यांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. दोन ठिकाणी वाक्यं सुधारली. मग पहिलं पान पुन्हा वर घेतलं.

"यातली कल्पना कुणाची?"

"विहिरींची? पूजाची. पण मांडणी सगळी माझी आहे. मी चार महिने..."

"दिसतंय. उत्तम झालीय." त्यांनी पान माझ्यासमोर धरलं. "मग वर तिचं नाव का नाही?"

"तिला अनुभव नाही, मॅडम. पुढच्या..."

आणि मी थांबले. वाक्य तोंडातून निघालं होतं, पुरं व्हायचं राहिलं होतं. त्यांनीही ते पुरं केलं नाही. त्यांनी उशाकडचं पेन घेतलं आणि माझ्यापुढं केलं.

"तू काढ," त्या म्हणाल्या. "मी काढलं तर तुला माझा राग येईल, आणि मी आता फार दिवस नाही तो राग घालवायला."

मी काढलं. सोपं गेलं असं म्हणणार नाही. रेघ मी दोनदा मारली, आणि मॅडमनी नजर दुसरीकडं वळवली नाही, सहानुभूती दाखवली नाही, शाबासकीही दिली नाही. वर पूजाचं नाव लिहिलं. खाली, मदतनीस म्हणून, माझं. त्यांनी पान हातात घेऊन एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "आता चहा ठेव. माझ्यात साखर जास्त घाल, आता कोण विचारतंय."

तीन आठवड्यांनी मॅडम गेल्या. शिरूरच्या चर्चमध्ये प्रार्थना झाली. दौंडचे निवृत्त शिपाई आले होते, एसटीचे दोन कंडक्टर आले होते, अध्यक्ष आले होते. आबा मांडवगणहून पहिल्या गाडीनं आले आणि बाक मोकळा असूनही शेवटपर्यंत उभे राहिले. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "बसायचं होतं ना आबा."

"बाईसमोर मला कदी बसू वाटलं न्हाई," ते म्हणाले. "त्येंनी कदी उबं र्‍हा म्हनलं न्हाई, ही गोष्ट येगळी."

अर्जाचा निकाल दोन महिन्यांनी लागला. मला तो पूजाच्या फोनवरून कळला, कारण पत्र तिच्या नावानं आलं होतं. ती सणसवाडीच्या खोलीवरून बोलत होती. आधी ती नुसतं 'पत्र आलं, पत्र आलं' म्हणत राहिली. मी म्हटलं, वाच. तिनं पत्र सुरुवातीपासून वाचून दाखवलं. 'डॉ. पूजा यादव, आपणास कळवण्यास आनंद होतो...' त्या पत्रात माझं नाव कुठंही नव्हतं. ऐकताना एक बारीकशी कळ आली, ती मी येऊ दिली. मग ती गेली आणि तिच्यामागं जे आलं ते मला नवीन होतं. कुणाला तरी वेळेवर मिळालं, आणि त्यात माझा हात होता.

"पुन्हा वाच," मी म्हटलं.

ती वाचायला लागली, तर मागून तिच्या आईचा आवाज आला, "क्या हुआ रे?"

फोन तसाच कानाशी धरून पूजा म्हणाली, "अम्मा, दुनियाभर से लोग आएँगे. मैं बुला रही हूँ."